पदकाच्या कडेवरचे नाव

युद्धकाळातील पदके, बिल्ले, गणवेश आणि कागदपत्रे यांच्या संग्रहाविषयीची पत्रे या सदराकडे अधूनमधून येतच असतात. या वेळी मात्र ती इतकी आली, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख ‘यापुढे काय?’ या एकाच प्रश्नाकडे इतका स्पष्ट होता, की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : गेली एकतीस वर्षे मी दोन्ही महायुद्धांतील पदके, पलटणींचे बिल्ले आणि सैनिकी कागदपत्रे जमवत आहे. आता वय सदुसष्ट आहे. मुलाला यात रस नाही आणि सून अधूनमधून विचारते, “बाबा, हे सगळे पुढे कोण सांभाळणार?” माझ्या ओळखीचे दोन संग्राहक वारले, तेव्हा त्यांचे संग्रह महिन्याभरात विखुरले. या छंदाला भविष्य आहे का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : सूनबाईंचा प्रश्न प्रत्येक संग्राहकाने पन्नाशीतच स्वतःला विचारायला हवा. मीही तो बराच उशिरा विचारला, त्यामुळे तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण आपण ज्याला एक छंद समजतो ते खरे तर दोन छंद आहेत आणि यापुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होणार आहेत.

पहिला छंद वस्तूंचा. पोलादी शिरस्त्राणे, कॅनव्हासचे पट्टे, पाण्याच्या बाटल्या, दुर्बिणी, लोकरी डगले, तोफांच्या पितळी पुंगळ्या, हे सारे त्यात आले. पुण्यात पेठांतले वाडे एकामागून एक पाडले जात होते, तेव्हा माळ्यांवरच्या ट्रंका खाली आल्या आणि त्यांतले बरेचसे सामान बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पोहोचले. आपल्या पिढीचे संग्रह त्या ओघावर पोसले गेले, हे आपण मान्य केले पाहिजे. तो ओघ आता आटला आहे. वाडे संपत आले, गणवेश केव्हाच बोहारणीकडे गेले आणि पितळ मोडीत निघाले. दोन खोल्यांच्या सदनिकेत तीन शिरस्त्राणे आणि एक डगला ठेवायचा म्हटले तर घरातली माणसे भुवया उंचावतात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्या डगल्याला कसर लागते ती वेगळीच. शिवाय या वस्तूंच्या नव्या प्रतिकृती आज इतक्या सफाईने बनतात, की अस्सल ओळखण्याचा आनंद कमी आणि फसण्याची धास्ती अधिक, अशी स्थिती आली आहे. हा छंद संपणार नाही, पण तो थोड्या आणि बऱ्यापैकी सधन लोकांचा होईल, असे मला वाटते.

दुसरा छंद नावांचा आहे आणि त्याचे दिवस खऱ्या अर्थाने आता सुरू होत आहेत. पहिल्या महायुद्धासाठी दिलेले ब्रिटिश वॉर मेडल हातात घ्या. नाण्यासारख्या त्या गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण दाबून उमटवलेली असते. व्हिक्टरी मेडलचेही तसेच, आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या, मागच्या बाजूला तोच मजकूर असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने आपल्या सैनिकांना पदके बिननावाचीच वाटली, परंतु भारतीय सैनिकांना मिळालेल्या अनेक पदकांवर आणि ताऱ्यांवर नाव आढळते. जगभरच्या संग्राहकांना भारतीय पदकांचे अप्रूप वाटते त्याचे एक कारण हेही आहे. ब्रह्मदेशातील लढाईसाठी दिलेला बर्मा स्टार नाव नसेल तर केवळ एक तारा असतो. त्याच्या पाठीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीतील एखाद्या शिपायाचे नाव असेल, तर त्याला गाव, घर आणि नातवंडे लाभतात.

या नावांना एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायचे तर आपल्या पुण्याच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनकडे पाहावे लागेल. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली, बगदादच्या दिशेने सरकली, मागे हटली, आणि डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकून अखेर शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. आजही खेड्यांतून ‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले’ असे सांगितले जाते, ते याच आघाडीविषयी. या आघाडीवर मृत्यू पावलेल्या आणि ज्यांची थडगी नाहीत अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी बसरा स्मारक उभारले गेले, परंतु त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणीगणिक केवळ आकडा लिहिला गेला. युद्धस्मृतींच्या या विषमतेविषयी कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला आणि ब्रिटिश सरकारने त्यांच्या संसदेत क्षमाही मागितली. मेसोपोटेमियात पडलेल्या शिपायाचे नाव ज्या धातूवर खरोखर उमटले, तो धातू म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या घरी आलेले पदक होय. ते पदक वितळले की दगडावर नसलेले नाव धातूवरूनही जाते.

आणि पदके वितळली आहेतच. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला साधारण सहा डॉलर असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरच्या जवळ गेली, तेव्हा चांदीची ही पदके जगभर भट्टीत पडली. त्यांपैकी किती पदकांवर मराठी नावे होती, हे यापुढे कोणाला कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

आता तुमच्या मूळ काळजीकडे येतो. पुढचा संग्राहक आपल्याच घरात जन्माला यावा, हा आपला हट्ट आपण सोडला पाहिजे. पहिल्या महायुद्धातील पंजाबच्या सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले आणि २०२१ मध्ये त्यांचा पहिला भाग लोकांना पाहता आला, तेव्हा त्यांत आपला पूर्वज शोधणारे बहुतेक जण कधीच कोणत्याही संग्राहक मंडळात गेलेले नव्हते. आपल्याकडेही हेच घडणार आहे. साताऱ्याकडच्या अपशिंगे या सैनिकांच्या गावातला किंवा मावळातला एखादा तरुण मोबाइलवर आपल्या खापरपणजोबांचे नाव शोधत बसेल आणि त्याला ते पदक सदाशिव पेठेतल्या एका कपाटात सापडेल, मात्र तुम्ही त्या पदकाचे छायाचित्र, कडेवरचा मजकूर आणि ते तुमच्याकडे कसे आले याची हकिकत लिहून ठेवली असेल तरच. तुमच्या मित्रांचे संग्रह विखुरले याचे मला फारसे दुःख नाही, कारण संग्रह विखुरतातच. त्यांची यादी कोणी केलेली नव्हती, याचे मात्र दुःख आहे.

एक गोष्ट कायद्याविषयी. १९७२ च्या पुरावस्तू व कलामूल्य वस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ‘पुरावस्तू’ ठरू शकते, आणि हस्तलिखिते व दस्तऐवज यांच्या बाबतीत ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. याचा अर्थ असा, की पहिल्या महायुद्धातील वस्तूंनी ती रेषा आपल्या डोळ्यांदेखत ओलांडली, दुसऱ्या महायुद्धातील पत्रे आणि रोजनिश्या ऐतिहासिक मोलाच्या असतील तर त्यांनीही ओलांडली, आणि त्या युद्धातील पदके व साहित्य २०३९ ते २०४५ या काळात ती ओलांडील. पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. नोंदणीची सक्ती आज मुख्यत्वे शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांना आहे, त्यामुळे कपाटातल्या पदकांमुळे तुम्ही उद्या अडचणीत याल असे नाही. तरीही परदेशातल्या खरेदीदाराला टपालाने पदक पाठवण्याची जी सवय काही संग्राहकांना लागली आहे, ती पहिल्या महायुद्धापुरती आजच धोक्याची झाली आहे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत पंधरा-वीस वर्षांत होईल. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मागता येतो. आपल्या छंदाचे भविष्य बाजारभाव ठरवतील असे माझे काही स्नेही म्हणतात. माझ्या मते बाजारभावापेक्षा हे कॅलेंडर अधिक ठरवील.

प्रश्न : माझे माहेर मावळात आहे. तिथे आजीच्या ट्रंकेत दोन पदके आणि तळहातापेक्षा मोठी, जड, काळपट अशी एक गोल चकती सापडली. चकतीवर एक उभी स्त्री आणि सिंह आहे. आत्या त्या चकतीवर समई ठेवत असे. पणजोबांचे धाकटे भाऊ ‘बसऱ्याकडे गेले ते आलेच नाहीत’ एवढेच घरात ठाऊक आहे. सराफाने एका पदकाचा चांदीचा भाव सांगितला आहे. काय करावे? (एक वाचक, वडगाव शेरी)

उत्तर : ताई, सर्वप्रथम सराफाला नको म्हणून सांगा.

ज्या चकतीवर समई तेवत होती, ती पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला ब्रिटिश सरकारने दिलेली स्मृतिचकती असणार. तिचा व्यास १२० मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच इंच असतो. ती कांस्याची असते आणि तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक मानलेली स्त्री), सिंह आणि दोन डॉल्फिन कोरलेले असतात. ब्रिटानियाच्या हातातल्या पुष्पचक्राखाली एक आयताकृती चौकट दिसेल. त्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत मृताचे नाव असते. हुद्दा मुद्दामच घातलेला नसतो, कारण मरणात सेनापती आणि शिपाई यांच्यात भेद करू नये असे ठरले होते. बसऱ्याच्या स्मारकाची हकिकत वर सांगितली आहे. या दोन निर्णयांमागे एकच राजवट होती, याचे मला दर वेळी नवल वाटते. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या तयार झाल्या होत्या. जगाच्या हिशेबात ती दुर्मीळ नाही, पण तुमच्या घरच्या त्या माणसाची चकती ती एकच आहे. त्यांचे लग्न झालेले नसावे असे तुमच्या पत्रावरून वाटते, म्हणजे त्यांच्यामागे उरले ते बहुधा एवढेच.

चकती चिंच आणि राखेने घासलेली आहे का, हे पाहा. मावळात आणि साताऱ्याकडे अनेक घरांत ती देवघरातल्या पितळी भांड्यांसोबत दर सणाला घासली जाई आणि त्यामुळे उठावाची अक्षरे झिजून सपाट होत. खंडेनवमीला शस्त्रांसोबत पदकांचीही पूजा करण्याची रीत काही घरांत आहे. ती मोडा असे मी कदापि म्हणणार नाही, फक्त हळदकुंकू रेशमी फितीला लागू देऊ नका, कारण तो डाग निघत नाही. तरुणपणी मी स्वतः एक पदक भांडी उजळण्याच्या पावडरीने लखलखीत केले होते. ते आजही माझ्याकडे आहे आणि त्याच्या कडेवरचे नाव भिंगाशिवाय वाचता येत नाही. काळपटपणा हा त्या धातूचा रंग आहे असे समजा. कोरड्या, मऊ सुती कापडाने धूळ टिपण्यापलीकडे काहीही करू नका. पदके स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, त्या प्लॅस्टिकमधून सुटणारी द्रव्ये धातूला चिकट हिरवट करतात. सुती कापडात गुंडाळून, आम्ल नसलेल्या कागदाच्या डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि पावसाळ्यात ती पुडी दोन-तीनदा बदला.

आता पदकांविषयी. चांदीचे असेल ते ब्रिटिश वॉर मेडल. त्यात साधारण एक औंस, म्हणजे अडीच ते पावणेतीन तोळे चांदी असते. सराफाचा हिशेब तिथेच संपतो आणि आपला तिथून सुरू होतो. त्याची फीत मध्ये रुंद नारिंगी आणि दोन्ही बाजूंना पांढरी, काळी, निळी अशी असते. पिवळसर असेल ते बहुधा इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल. हे जाता जाता अन्य वाचकांसाठी सांगतो : ब्रिटिश वॉर मेडलच कांस्याचे आढळले, तर ते नकली म्हणून टाकून देऊ नका. सुमारे ६४ लाख पदके चांदीची निघाली, त्यांच्या तुलनेत कांस्याची सुमारे एक लाख दहा हजारच होती आणि ती मुख्यतः भारतीय, चिनी आणि माल्टी मजूर तुकड्यांतील माणसांना दिली गेली. बंदूक न धरता युद्धावर गेलेल्यांची ती खूण आहे. सराफाकडे तिला किंमत नाही म्हणून ती टिकली, हा दैवयोगच म्हणायचा.

कडेवरचा क्रमांक, नाव आणि पलटण जशीच्या तशी रोमन अक्षरांत उतरवून घ्या. इंग्रज कारकुनांनी मराठी नावांची केलेली मोडतोड सुधारू नका, कारण नोंदींतही ती तशीच असते. मग कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर ते नाव विनामूल्य शोधता येईल. ‘जाधव’ किंवा ‘मोरे’ यांची रोमन लिपीतली चार-पाच वेगवेगळी रूपे करून पाहावी लागतात, आडनावच गाळलेले असण्याची शक्यताही धरून चाला. नोंद सापडली तर वडिलांचे नाव आणि गावही कधी कधी मिळते. आणि आत्याबाई असतील, तर आजच त्यांच्याजवळ बसून त्यांना आठवते ते सारे लिहून घ्या. चकती शंभर वर्षे थांबली आहे, ती आणखी थांबेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकतो. मला हा छंद सुरू करायचा आहे, पण दरमहा हजार रुपयांपलीकडे खर्च परवडणार नाही. जुन्या बाजारातून सुरुवात करू का? नकली वस्तू कशा ओळखाव्यात? (एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : जुन्या बाजारात जरूर जा, पण पहिले सहा महिने खिशात पैसे न घेता जा. हातात घ्या, वजन जोखा, विचारा आणि परत ठेवा. एवढे केल्याने जे शिकायला मिळते ते कोणत्याही पुस्तकात नाही.

हजार रुपयांत पदकांच्या मागे लागू नका, कागदांच्या मागे लागा. सैनिकांची निवृत्तीची प्रमाणपत्रे, पेन्शनची पुस्तके, युद्धकाळातील सेन्सॉरचा शिक्का असलेली पत्रे, पलटणीतले समूह छायाचित्र, कॅन्टीनची पावती, यांना धातूच्या व्यापाऱ्याच्या लेखी रद्दीची किंमत असते. पुढच्या पंचवीस वर्षांत अभ्यासकांना सर्वाधिक गरज याच कागदांची पडणार आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य २५ लाखांपर्यंत पोहोचले होते. एवढ्या माणसांनी घरी पत्रे धाडली, मनीऑर्डरी केल्या, फोटो काढून घेतले, आणि त्यांतले बरेच अजून कोणीही वाचलेले नाही. तुम्हाला मोडी वाचता येत असेल, तर तुम्ही आम्हा सर्वांच्या पुढे आहात. येत नसेल तर शिका. पुण्यात मोडी शिकवणारे वर्ग मिळणे अवघड नाही.

नकली वस्तूंविषयी थोडेच सांगतो, कारण ही विद्या डोळ्यांची आहे. अस्सल पदक ठशाच्या दाबाने घडवलेले असते. ओतीव नक्कल किंचित लहान भरते, तिच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि राजाच्या दाढीचे केस विरघळल्यासारखे वाटतात. कडेवरचे जुने नाव घासून नवे उमटवलेले असेल, तर पदकाचा व्यास त्या जागी अंशभर कमी भरतो. व्यास मोजायला एक साधे कॅलिपर, म्हणजे सरकत्या जबड्यांची मोजपट्टी, जवळ ठेवा. गाजलेल्या लढाईचे किंवा शौर्यपदकाचे नाव स्वस्तात मिळत असेल, तर ती नक्कलच आहे असे समजून चाला. मला एकदा इटलीतील मॉन्टे कॅसिनोच्या लढाईचे नाव जोडलेला पदकांचा संच ‘माजी सुभेदाराच्या घरातला’ म्हणून विकला गेला होता. सुभेदार काल्पनिक होते आणि फीत नायलॉनची होती. दुसऱ्या महायुद्धात नायलॉनची फीत कुठून आली, हे विचारायचे मला घरी पोहोचल्यावर सुचले.

स्वातंत्र्योत्तर पदकांबाबत मात्र ‘नकली’ हा शब्द जपून वापरा. सैनिक स्वतःच आपल्या पदकांच्या दुसऱ्या प्रती गणवेशावर लावण्यासाठी करून घेतात आणि मूळ संच घरी जपतात. त्या प्रती लबाडीच्या नसतात. १९६५ ची समर सेवा आणि रक्षा पदके किंवा १९७१ ची पूर्वी, पश्चिमी आणि संग्राम पदके, ही तुमच्या आवाक्यातली सुरुवात ठरू शकेल. परमवीर चक्राची प्रतिकृती टेबलावर ठेवायला हरकत नाही. त्याचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांनी केले होते. जन्माने युरोपीय असलेल्या या बाईंनी मराठी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि दधीचीच्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र त्या पदकावर चार वेळा आणले. अस्सल परमवीर चक्र विकायला आहे असे कोणी सांगितले, तर मात्र तिथून निघून या.

प्रश्न : आजोबा देवळालीला तोफखान्यात होते. त्यांनी आणलेली पितळी पुंगळी आमच्याकडे फुलदाणी म्हणून वापरतात. तिच्याबरोबर काही काडतुसे, एक संगीन आणि एक जुना गॅस मास्कही आहे. हे घरात ठेवणे योग्य आहे का? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : या चार वस्तूंची चार वेगळी उत्तरे आहेत.

फुलदाणी झालेल्या पुंगळीच्या बुडाशी मधोमध पाहा. तिथला स्फोटक भाग काढलेला असून छिद्र मोकळे असेल, तर ती केवळ पितळेची नळी आहे. तो भाग जागेवर असेल, तर तिला हात लावू नका. तापवू नका, करवत लावू नका, घासू नका. पुंगळीऐवजी टोकदार, बंद गोळाच असेल, तर ती फुलदाणी नव्हेच. घरातल्या सर्वांना बाहेर काढून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा, त्यांचे बॉम्बशोधक व नाशक पथक येते. ऐंशी वर्षांत दारू निकामी होते हा समज चुकीचा आहे. काही स्फोटके जुनी झाल्यावर अधिक अस्थिर होतात.

काडतुसे घरात ठेवू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची व्याख्या पुष्कळ व्यापक आहे आणि तिच्यात त्याचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे, मग ते आजोबांचे असो वा जुन्या बाजारातले. बुडावर खडकीच्या कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरे असतील, तर ती टाकून द्यायला मन होत नाही हे मला समजते. १८६९ पासूनचा हा कारखाना पुण्याच्या इतिहासाचाच भाग आहे. तरीही छायाचित्र काढून घ्या आणि काडतुसे स्वतः उचलून न नेता पोलिसांना कळवून त्यांच्या स्वाधीन करा. संगिनीच्या पात्याची लांबी मोजा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते, म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करून पोच घेतलेली बरी.

गॅस मास्क तोंडाला लावून फोटो काढू नका आणि नातवंडांना देऊ नका. त्या काळच्या ब्रिटिश मुखवट्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस वापरलेले असे आणि जीर्ण गाळणीतून त्याचे तंतू श्वासात जातात. दोन जाड पिशव्यांत बंद करून ठेवा. अंधारात चमकणारी रेडियमची तबकडी असलेली लष्करी घड्याळे किंवा विमानातील मापकेही उघडू नयेत. चमक गेली तरी रेडियम शाबूत असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे.

प्रश्न : परदेशी लिलावांतून नाझी जर्मनीचे बिल्ले मागवावेत का? मित्र म्हणतात, त्यांचा भाव नेहमी चढाच असतो. (एक वाचक, औंध)

उत्तर : मागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीत त्या चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२४ पासून त्यांच्या व्यापारावरही बंदी घातली, आणि ती घालताना हिंदू, बौद्ध व जैन स्वस्तिकाला आवर्जून वगळले. लिलावांची मोठी संकेतस्थळे अशा वस्तू केव्हापासून नाकारत आली आहेत. बाजार असा आक्रसत असताना चढा भाव हा नकलांचा पूर येण्याचे कारण होतो, आणि या बिल्ल्यांइतक्या नकला क्वचितच दुसऱ्या कशाच्या होत असतील. इटलीत त्याच सैन्याशी लढताना यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मराठा पलटणीचा एक साधा टोपीचा बिल्ला याहून कमी पैशांत मिळेल.

प्रश्न : माझे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांच्या संग्रहात साडेतीनशेच्या आसपास पदके आणि बिल्ले आहेत. विकायचे नाहीत, कुठेतरी द्यायचे आहेत. संग्रहालये घेतील का? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : घेतील, पण सगळे घेणार नाहीत, आणि याचे वाईट वाटून घेऊ नका. ज्या प्रकारची दहा पदके संग्रहालयाकडे आधीच आहेत, त्यांतले अकरावे घेतले तरी संग्रहालय ते तळघरात ठेवील. त्यापेक्षा तुम्हीच वाटणी केलेली बरी.

मराठा पलटणींची नावे असलेली पदके बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला कळवा. महार रेजिमेंटची स्थापना १९४१ मध्ये झाली, तिची पदके असतील तर तिच्या केंद्राला पत्र लिहा. रणगाडा दलाशी संबंधित वस्तूंसाठी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय जवळ आहे, ते १९९४ पासून सुरू आहे. पुण्याच्या कॅम्पातील राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आहे, तिथेही विचारून पाहता येईल. वस्तू हातोहात देऊ नका. आधी छायाचित्रांसह पत्र पाठवा आणि लेखी उत्तर येऊ द्या. देणगीपत्रावर प्रत्येक वस्तूचे वर्णन, कडेवरचा मजकूर आणि यजमानांचे नाव यावे. वस्तू नको झाल्यास विकण्याआधी कुटुंबाला कळवावे, ही अटही घालून घ्या. बहुतेक संस्था ती मान्य करतात. जी संस्था पोचपावती देण्यास टाळाटाळ करील, तिला वस्तू देऊ नका, तिचे नाव कितीही मोठे असो.

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण पुणेकरांना ठाऊकच आहे. काकासाहेब केळकरांनी दिवंगत मुलाच्या नावाने उभारलेला आपला संग्रह १९७५ मध्ये, हयातीतच, शासनाच्या स्वाधीन केला. कोणती वस्तू कुठून आणि कोणाकडून आली, हे सांगणारा माणूस हस्तांतराच्या वेळी समोर होता. तुमच्या बाबतीत तो माणूस आता नाही, म्हणून त्यांच्या वह्या, पावत्या, पाकिटांवरच्या पेन्सिलीच्या नोंदी, जुन्या खरेदीचे संदेश, यांतले काहीही फेकू नका. त्यांच्या संग्राहक मित्रांपैकी एखाद्या विश्वासू माणसाला चार रविवार घरी बोलवा. त्यांना एकेक पदक हातात घेऊन बोलू द्या आणि मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करा. मग एका जाड वहीत प्रत्येक वस्तूला एक पान द्या : अनुक्रमांक, छायाचित्र, कडेवरचा मजकूर, केव्हा आणि कोठून आले, आणि जे ठाऊक नसेल तिथे कोरी ओळ. साडेतीनशे वस्तू म्हणजे साडेतीनशे पाने होतील. दिवसाला दोन केली, तर सहा महिन्यांत वही पूर्ण होईल. तिची एक प्रत वस्तूंबरोबर जाऊ द्या आणि एक घरी ठेवा.